शनिवारची हळद

टाळ्या वाजत होत्या आणि माझी मुलगी पाटावर बसून थरथरत होती. तोंडाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, दोन्ही हात मांडीवर उपडे पडलेले. चुड्यातल्या बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. माईक तिच्या पायाशी ठेवलेला होता, त्यामुळे तो आवाज स्पीकरमधून सगळ्या वाडीत जात होता. खुर्च्यांवरची माणसं मोबाईल धरून उभी राहिली. पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "किती खरं करतात ना!"

मी गायची थांबले होते. आता थांबून काही उपयोग नव्हता. जे नाव तोंडातून जायला नको होतं ते गेलं होतं. माझ्या नवऱ्याचं नाव. तो मरून सात वर्षं झाली होती, आणि मी त्याला बोलावलं होतं, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी मांडलेल्या खोट्या लग्नाला.

मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आये," ती म्हणाली, "बाबांना कशाला बोलावलंस?"

हेही माईकमधून गेलं. पुन्हा टाळ्या.

मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लोकांत लग्न धवलारणीने लावायचं असतं. भटजी नंतर येतो, कधी कधी येतही नाही. धवलारीण मांडवात बसते आणि धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी. एकेका गाण्यावर एकेक विधी पुढे सरकतो. मी शाळा चौथीपर्यंत केली. धवले लिहून घेतलेले नाहीत, सासूच्या मागे बसून बसून पाठ झाले. नवरा गेल्यावरही मी गाते, आमच्या गावात ते चालतं.

सगळ्यात आधी बोलावणं असतं. गावच्या देवांना बोलवायचं, मग दोन्ही घरच्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. ते येऊन मांडवात बसले असं धरायचं, मगच हळद लावायची. आणि लग्न झालं की त्यांना पान वाढून परत पाठवायचं. बोलावून ठेवायचं आणि पाठवायचं नाही असं करत नाहीत. मी फार देवभोळी बाई नाही. पण काम ते काम, त्याची एक पद्धत असते.

आता हळदीला डीजे लावतात. धवलारणीला बोलावलं तर बोलावलं. दोन-तीन वर्षं मला कोणी विचारलंच नव्हतं, तेव्हा किहीमच्या बाजूला नारळाच्या वाडीत एक रिसॉर्ट झालं, तिथला मॅनेजर घरी आला. मुंबईचा मुलगा, तिशीचा. म्हणाला, "आजी, दर शनिवारी संध्याकाळी पाहुण्यांसाठी आपण गावची हळद करणार. मांडव, झावळ्या, सगळं ओरिजिनल. तुम्ही फक्त गायचं."

"लग्न कोणाचं?" मी विचारलं.

"कोणाचं नाही. आमचाच स्टाफ नवरा-नवरी बनून बसेल."

मी म्हटलं, "गाते. पण मेलेल्यांचं बोलावणं गाणार नाही. ते येतील आणि बघतील तर लग्नच नाही. मी त्यांना काय सांगू?"

तो हसला. "आजी, तुम्हाला पाहिजे ते गाळा. गेस्ट लोकांना काय कळतंय?"

असं ठरलं. मी हळद दळायच्या गाण्यापासून सुरुवात करायची.

आता मुलीचं सांगते. माझी ही धाकटी. थोरला मुलगा आपल्या बायकापोरांना घेऊन उरणला असतो, त्याचा इथे काही संबंध नाही. धाकटीला पनवेलच्या बाजूला दिली होती, ट्रकवाल्याच्या घरात. बारा वर्षं राहिली. मूल झालं नाही. नवरा मारायचा, हे तिने कधी सांगितलं नाही, मी तिच्या कानावरून ओळखलं. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. शेवटी त्याने दुसरी बाई घरात आणून ठेवली तेव्हा ती आली. कोर्टाचा कागद झाला, ते सगळं झालं.

त्या बारा वर्षांत तिचा बाप गेला. माझा नवरा मिठागरात कामाला होता, जन्म खाऱ्या पाण्यात गेला. ताप आला आणि चार दिवसांत गेला. मी जावयाला फोनवर सांगितलं. त्याने तिला तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती आली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. तिने बाप बघितला नाही.

घरी परत आल्यावर दोन वर्षं ती नुसती होती. उठायचं, चूल, पाणी, चूल, झोपायचं. हसणं नाही, रडणंही नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "एकदाची रड तरी, म्हणजे मोकळी होशील." ती म्हणाली, "कवा रडू, सांग. काम हाय मना." आणि भांडी घासायला गेली.

शनिवारी ती माझ्याबरोबर रिसॉर्टवर यायची ती मला रस्ता चढायला हात द्यायला. तिथे नवरी म्हणून जी मुलगी बसायची तिचं खरंच लग्न ठरलं, ती रजेवर गेली. मॅनेजर धावपळ करत आला आणि माझ्या मुलीला म्हणाला, "ताई, तुम्ही बसता का आज?"

मी म्हटलं, "अरे, ती नवऱ्याने टाकलेली आहे. तिला हळद लावतात काय?"

"आजी, कोणाला कळतंय?"

मी तिच्याकडे बघितलं. ती नाही म्हणेल म्हणून मी काही बोललेच नाही. ती म्हणाली, "बसते."

मला धक्का बसला, पण तो छोटा होता. मोठा पुढे होता. तिला नवी साडी नेसवली, चुडा भरला, पाटावर बसवलं. पाहुण्या बायका एकेक करून येऊन हळद लावू लागल्या. एकीने गालाला लावता लावता मानेला लावली, तिला गुदगुल्या झाल्या असतील. ती हसली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. लग्नाआधी हसायची तशी. मी धवल्याची पुढची ओळ विसरले. सत्तर वर्षांची होत आले होते, कधी विसरले नव्हते.

त्यानंतर तीच कायमची नवरी झाली. मी हरकत घेतली नाही. कोणती आई घेईल?

पण मग मला हळूहळू दिसायला लागलं. ती शनिवारसाठी जगत होती. शनिवारी रात्री हळद धुवायची नाही, तशीच झोपायची, उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. रविवारी दुपारपर्यंत चेहरा प्रसन्न. सोमवारी बोलणं कमी. मंगळवार-बुधवार पुन्हा जुनी तीच, उलट जुन्यापेक्षा वाईट, कारण आता ती वाट बघत असायची. जेवणात लक्ष नाही. अंगणातली मिरचीची रोपं तिने लावली होती ती वाळून गेली. शुक्रवारी केस धुतले की माणसात.

शेजारच्या घरात खरी हळद होती. मी म्हटलं चल. ती म्हणाली, "न्हाय येत."

"का गं? हळद तर तुला आवडते."

"तिथं मना कोन पाटावर बसवनार हाय? माझा हात लागू नये म्हनून माझ्या पुढून ताट उचलतील. तू तर गायला जाशील, मी भिंतीला उभी राहू?"

ती खरं बोलत होती.

रिसॉर्टवरून आम्हाला घरी आणायला एक सहा आसनी रिक्षावाला होता. पलीकडच्याच गावचा, पंचेचाळिशीचा. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, घरात म्हातारी आई होती तीही गेली, एकटा. बोलायला तिखट. एका शनिवारी त्याने मधेच रिक्षा बाजूला घेतली आणि मागे वळला.

"मावशी, एक विचारू? मारायला धावनार न्हाय ना?"

"विचार. मला धावता येत नाही."

"तुमच्या मुलीला मी मागनी घालतो. तिला बी इचारा. मी काय लाडागोडानं ठेवीन असं सांगत न्हाय. माझ्या घरात चार वरसं झाली कोन माझ्याशी भांडलेलं न्हाय. भाजी खारट झाली तर मीच करतो, मीच खातो, बोलू कोनाला?"

मला तो माणूस आवडला. मी मुलीकडे बघितलं. ती मागच्या बाकावर हळद लावलेल्या तोंडाने बसली होती, मांडीवर मुंडावळ्यांची पिशवी.

"माझं लगीन झालंय," ती म्हणाली.

"ते मोडलंय," मी म्हटलं.

"ते न्हाय. आताच झालं. यानंच तर आनलंय मना मांडवातून."

रिक्षावाला हसला. त्याला चेष्टा वाटली. मी हसले नाही, कारण माझी मुलगी हसत नव्हती.

घरी येऊन मी तिला सरळ विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं. म्हणाली, "आये, शनवारच्या नवऱ्याला जेवाया घालावं लागत न्हाय. तो पिऊन येत न्हाय. कानफटात देत न्हाय. सगळी येतात, हळद लावतात, टाळ्या वाजवतात, फोटू काढतात, आनी मी खूश असते. खऱ्या लग्नात मना यातलं काय मिळालं?"

"ते खोटं आहे."

"मी खूश असते ते बी खोटं हाय? तू बघतेस ना माझं तोंड."

मी त्या दिवशी भाकऱ्या थापत होते, तीन भाकऱ्या करपल्या. मी माझाच हिशेब करून बघितला. सेहेचाळीस वर्षं संसार केला. त्यात टाळ्या वाजवाव्यात असे दिवस किती? एक आठवतो. हंगामाचं पहिलं मीठ तयार झालं तेव्हा नवऱ्याने त्यातला एक खडा आणून माझ्या तळहातावर ठेवला. इतका पांढरा खडा मी पुन्हा पाहिला नाही. त्याच हाताने त्याने त्या पावसाळ्यात मला न विचारता माझ्या पाटल्या विकल्या. दोन्ही खरं. एवढ्याशा सुखासाठी एवढं सगळं कशाला सहन करायचं, असं मुलगी विचारत होती, आणि मला वाटत होतं की ती चुकते आहे, पण कुठे चुकते ते दाखवता येत नव्हतं. मी सत्तर पार केली. मी मेले की ही एकटी राहणार, सहा दिवस मेलेली आणि एक दिवस नवरी. पन्नाशीत तिला पाटावर कोण बसवणार? मॅनेजर नवी मुलगी आणेल. मग ही काय करील? तिला त्या पाटावरून कसं उठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि उठवलं मी. पण ठरवून नाही. चुकून.

त्या शनिवारी पाहुणे जास्त होते. नवरा म्हणून बसणारा पोऱ्या तिथे वाढपी होता, नेपाळकडचा. जेवणं लांबली, तो मोकळा झाला नव्हता. मॅनेजर नारळाच्या झाडापाशी उभा राहून मला बोटाने गोल गोल खुणा करत होता, चालू ठेवा, चालू ठेवा. मी हळदीचं गाऊन संपवलं. बांगड्यांचं गायले. पुन्हा हळदीचं गायले. तरी पोऱ्या येईना. माझे डोळे मिटलेले होते, गाताना मी मिटते. आणि जीभ तिच्या सवयीने जिथून सुरुवात होते तिथे गेली. देवळातल्या देवांना बोलावलं, वेशीवरच्याला बोलावलं. पुढची नावं आपोआप येतात. पाटावरच्या नवरीच्या घरची. माझ्या सासऱ्याचं नाव आलं, सासूचं आलं. मग त्यांच्या मुलाचं. ये, तुझी लेक पाटावर बसली आहे, ये.

स्वतःच्या कानाने ऐकलं तेव्हा माझे डोळे उघडले.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे. मुलगी उठली. मुंडावळ्या ओढून काढल्या, त्यात चार केस निघाले. चुडा काढला नाही, वेळ नव्हता. माणसांच्या मधून चालत गेली. लोकांनी वाट करून दिली, तोपर्यंत टाळ्या चालूच. मी माझी काठी घेऊन मागे. मॅनेजर म्हणाला, "आजी, आजी, अजून नवरा यायचाय!"

रिक्षावाल्याने आमच्याकडे बघितलं आणि लावलेलं गाणं बंद केलं. चौपाटीच्या फाट्यापाशी ती म्हणाली थांबा. त्याने पाण्याची बाटली दिली. तिने रस्त्याच्या कडेला वाकून तोंड धुतलं. त्या रात्री उशीचा अभ्रा पिवळा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात केळीचं पान मांडलं. भात, सुकटीची चटणी, मीठ. बोलावलं आहे तर पाठवायला हवं. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"आला होता का गं?" तिने विचारलं.

"कोण?"

"बाबा."

"मला काय माहीत. मी आपलं पान वाढलं."

"मना वाटलं आला. मागं उभा हाय असं वाटलं. खाऱ्या पान्याचा वास आला."

शेजारचं मांजर येऊन भात खाऊन गेलं. खाल्लं म्हणजे झालं, मी म्हटलं, आणि पान उचललं.

मला वाटलं विषय संपला. सोमवारी मॅनेजर घरी आला. मला वाटलं ओरडायला आला असेल, मी तयारीत होते. त्याने माझ्या पायाला हात लावला.

"आजी, काय केलंत तुम्ही परवा! लोक रडले. सगळ्यांनी फोनवर तेच टाकलंय. आता दर शनिवारी असंच करायचं. ते मेलेल्या वडिलांचं नाव घ्यायचं, ताईंनी तसंच थरथरायचं, मग विचारायचं, बाबांना कशाला बोलावलं. एकदम टॉप."

त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"तो माझा नवरा आहे," मी म्हटलं. "तिचा बाप आहे."

"हो ना आजी, म्हणून तर इतकं खरं वाटलं."

"चल नीघ."

आणि माझ्या मागून मुलगी म्हणाली, "मी येईन."

मी वळले. आयुष्यात नवऱ्याने हात उचलला तेव्हा, मिठागर भराव टाकून बुजवलं तेव्हा, माणसं मेली तेव्हा मला जे वाटलं त्यात हे बसत नव्हतं. पोटच्या मुलीची शरम वाटली. मी तिला नको ते बोलले. ते इथे सांगत नाही.

"मी गाणार नाही," मी शेवटी म्हटलं.

मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "नका गाऊ, आजी. तुमचं रेकॉर्डिंग आहे. एका गेस्टने सगळं घेतलंय, आवाज चांगला आलाय."

तर शनिवारी ती एकटी गेली. मी घरी बसले. पुढच्या शनिवारीही गेली. दोन्ही वेळा आली ती मुकाट्याने आली, हळद रस्त्यातच धुऊन. तिसऱ्या शनिवारी मला राहवलं नाही, मी दुसऱ्या रिक्षाने गेले आणि स्वयंपाकघराच्या बाजूने उभी राहिले. स्पीकरमधून माझा आवाज येत होता. मी स्वतःला असं कधी ऐकलं नव्हतं. म्हातारा आवाज. देवांची नावं झाली, सासू-सासऱ्यांची झाली, त्याचं आलं. माझी मुलगी पाटावर डोळे मिटून बसली होती. थरथरणं नाही, काही नाही. मान जरा तिरकी, चांगला कान मागच्या बाजूला करून ती ऐकत होती. मॅनेजर खुणा करत होता, सुरू करा, विचारा. ती बसून राहिली. गाणं संपलं. पाहुण्यांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. नवरा येऊन बसला. हळद लावताना ती हसलीही नाही.

मी तिला रिक्षापाशी गाठलं. तिला मी दिसले याचं आश्चर्य वाटलं नाही.

"न्हाय आला," ती म्हणाली. "तीन डाव बसले. मना वाटलं पुन्यांदा येईल. त्या दिवशी मी बघितलंच न्हाय गं मागं, घाबरले. म्हनून बसले. यंत्र बोलावतंय तर कोन येनार?"

तेव्हा मला कळलं ती का हो म्हणाली होती. आणि मी तिला काय काय बोलले होते ते आठवलं.

रिक्षावाला पुढे बसून सगळं ऐकत होता. तो एकदाच बोलला. "मावशी, पाय आत घ्या, निघतो."

ती पुन्हा रिसॉर्टवर गेली नाही. हे ऐकून तुम्हाला वाटेल बरं झालं. मला तसं वाटत नव्हतं. तिचं हसणंही गेलं होतं. जे होतं ते मी माझ्या जिभेने मोडलं आणि त्याच्या जागी द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. दोन-तीन शनिवार ती संध्याकाळी पडवीत बसायची, हात मांडीवर उपडे. एकदा म्हणाली, "आये, आता मी काय करू?"

मी म्हटलं, "भात लावलाय, उतरव."

तिने उतरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर पडली. भरदिवसा, चालत, सांगून: "त्या रिक्षावाल्याचं घर बघून येते." एकोणचाळीस वर्षांची बाई, एकट्या पुरुषाच्या घरी, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोरून. मी डोक्याला हात लावून बसले. दोन तासांनी आली.

"काय बघितलंस?"

"त्याच्या मिठाला पानी सुटलंय. डबा उघडाच ठेवतो. मिठागरवाल्याची मुलगी मी, मना ते बघवलं न्हाय. आनी भांडला माझ्याशी."

"पहिल्याच दिवशी?"

"मी डबा धुवाया घेतला तर म्हनाला, माझ्या घरात हात घालू नको, आधी हो म्हन, मग हात घाल."

"मग?"

"मी म्हटलं, आधी मीठ, मग बोलू."

पुढच्या आठवड्यात ती आमच्या घरातली चिनी मातीची बरणी, झाकणासकट, घेऊन गेली. बरणी परत आली नाही. त्यावरून मी समजले.

लग्न अलिबागच्या कचेरीत झालं. सह्या केल्या, फोटो काढला, बाहेर येऊन वडापाव खाल्ला. तिने आधीच बजावलं होतं: "हळद न्हाय. मांडव न्हाय. आनी तू गायचं न्हाय." मी गावातल्या निम्म्या बायकांची लग्नं लावली. माझ्या मुलीच्या या लग्नात मी बाकड्यावर तोंड मिटून बसले. मनातसुद्धा कोणाला बोलावलं नाही. तिने नको म्हटलं होतं.

आता ती त्याच्या घरी आहे. तो मारत नाही. घोरतो, उधळ्या आहे, बोलायला खरंच तिखट. ती आठवड्यातून एकदा येते, त्याच्या तक्रारी सांगते आणि वेळ झाली की उठते. मी एकदा विचारलं, "शनिवार आठवतो का?"

"आठवतो की. तिथं बरं होतं."

"आणि इथं?"

"हितं धुनं हाय," ती म्हणाली. "ऊन हाय तोवर वाळत घातलं पायजे. जाते."

तशी हसताना मी तिला पुन्हा पाहिलेली नाही. भांडताना पाहिली आहे. मिरचीची रोपं तिने त्याच्या अंगणात लावली आहेत, ती जगली आहेत. यातलं कशाने काय भरून निघालं ते मला विचारू नका.

एक राहिलं. रिसॉर्टवर आता दुसरी नवरी बसते. माझं रेकॉर्डिंग अजून लावतात. मी जाऊन सांगितलं, बंद कर. मॅनेजर म्हणाला, "करतो आजी," आणि केलं नाही. वारा इकडचा असला की शनिवारी संध्याकाळी मला माझाच आवाज ऐकू येतो. देवांची नावं, मग सासऱ्यांचं, मग त्याचं. ये, तुझी लेक पाटावर बसली आहे. पाटावर दुसऱ्या कोणाची तरी लेक असते.

यंत्राने बोलावल्यावर तो येत नाही असं मुलगी म्हणते. तिचं खरं असेल. पण आवाज माझा आहे आणि नाव घेतलं जातं, म्हणून रविवारी सकाळी मी पान वाढते. भात, सुकट, मीठ. शेजारचं मांजर माजलं आहे.

ज्याला बोलावलं जातं तो माझा नवरा. पाटावर थरथरत होती ती माझी मुलगी. गाणारी मी, तिची आई.